फिनमधून उतरणारी कॉफी

श्रोतेहो, नमस्कार.

काचेच्या पेल्यात तळाशी दोन बोटं घट्ट गोड दूध, पेल्यावर पत्र्याची छोटीशी गाळणी आणि तिच्यातून ठिबकणारी काळी, दाट कॉफी. व्हिएतनाममध्ये हनोईपासून सायगावपर्यंत रस्त्याकडेच्या बुटक्या स्टुलांवर बसून लोक हीच कॉफी पितात. आज ती आपण घरी करायची आहे. साहित्य तीनच आहे: कॉफी, डब्यातलं आटवलेलं गोड दूध, म्हणजे कंडेन्स्ड मिल्क, आणि पाणी. पण यातली प्रत्येक गोष्ट तिथे का आली हे ठाऊक असेल, तरच हात योग्य जागी थांबतो.

व्हिएतनाममध्ये कॉफीचं झाड नेलं फ्रेंच मिशनऱ्यांनी, १८५७ च्या सुमारास. ती अरेबिका जातीची होती. मध्य भागातल्या पठारावर, बुओन मा थुओतच्या तांबड्या मातीत, पुढे खरी फोफावली ती मात्र कॉफीची दुसरी जात, रोबस्टा. १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर लागवड झपाट्याने वाढली, आणि आज कॉफी पिकवण्यात ब्राझीलखालोखाल व्हिएतनामच आहे. रोबस्टात तर तो पहिलाच. या बीत कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं. चव कडू, जड, मातकट. जगाच्या बाजारात तिला कमी लेखतात, इन्स्टंट कॉफीच्या कामाची म्हणतात. हा तिच्यावर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. आटवलेल्या दुधाचा गोडवा पेलायला असाच कडवटपणा लागतो. तिथे महागडी अरेबिका वापरून पाहा, दुधाखाली तिचा पत्ताही लागत नाही.

आणि दूध डब्यातलंच का? फ्रेंच अमदानीत त्या उष्ण, दमट हवेत ताजं दूध दुर्मिळ होतं, मिळालं तरी टिकत नसे. डबाबंद दूध टिकायचं. अडचणीतून आलेलं ते दूध लोकांच्या जिभेवर असं बसलं, की पुढे ताजं दूध सहज मिळू लागलं तरी कॉफीतून ते हललं नाही.

आता कृती. त्या गाळणीला फिन म्हणतात. तिचे भाग चार: पेल्यावर बसणारी सच्छिद्र थाळी, भांडं, पुडीवर ठेवायची छिद्रांची चकती आणि झाकण. ऑनलाइन ती सहज मिळते. नसेल तर आपला दाक्षिणात्य स्टीलचा फिल्टर घ्या. त्यातही पाणी स्वतःच्या वजनानेच खाली उतरतं, फक्त वेळ जास्त लागतो. कॉफी आपल्याकडचीच चालेल. कोडगू आणि वायनाडमध्ये उत्तम रोबस्टा पिकते. समोर दळून देणाऱ्या दुकानात दोन गोष्टी स्पष्ट सांगा: चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजक्या मुळांची पूड, अजिबात नको, आणि दळण जाड रव्याएवढं हवं. फिल्टर कॉफीची नेहमीची पूड बारीक असते, ती फिनची छिद्रं धरून बसते.

पेल्यात दोन मोठे चमचे आटवलेलं दूध घाला. फिन गरम पाण्याने विसळून घ्या. त्यात २० ते २५ ग्रॅम पूड घाला, भांडं हलकेच आपटून ती सपाट करा आणि चकती ठेवा. चकती दाबायची नाही, नुसती टेकवायची. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी दोन-तीन चमचेच पाणी घाला. पूड पाणी पिते, फुगते, तिच्यातली हवा निघून जाते. ही पायरी वगळली तर पाणी पुडीतून वाट काढून सरळ खाली निघून जातं आणि कॉफी पांचट होते. पाऊण मिनिटाने ८० ते १०० मिलीलिटर पाणी ओता आणि झाकण ठेवा.

मग थांबायचं. चार ते पाच मिनिटं. दोन मिनिटांतच पेला भरला, तर पुढच्या वेळी पूड थोडी वाढवा किंवा किंचित बारीक दळा. ठिबकणं अडलं, तर चकती जराशी उचलून परत ठेवा. वरून चमच्याने ढवळू मात्र नका.

कॉफी उतरली की तळापासून नीट ढवळा, आणि थंड हवी असेल तर त्यानंतरच बर्फाने भरलेल्या ग्लासात ओता. बर्फावर आधी दूध घातलं, तर ते गारठून गोळा होऊन बसतं.

अंड्याची कॉफी मात्र गरमच करायची. १९४६ साली हनोईत दुधाची टंचाई होती. मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन व्हान गियांग यांनी दुधाच्या जागी अंड्याचा बलक फेटून घातला. त्यांच्या नावाचं कॅफे हनोईत आजही चालू आहे. ताज्या अंड्याचा एक बलक आणि दोन चमचे आटवलेलं दूध गरम पाण्यावर धरलेल्या वाटीत फेटा. मिश्रण फिकट पिवळं आणि चमच्यावरून सावकाश ओघळेल इतकं दाट झालं पाहिजे. कच्चं अंडं ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी, आणि गरोदर स्त्रियांनी, ही कॉफी टाळावी. फिनची कडक कॉफी लहान कपात घेऊन त्यावर हा थर अलगद सोडा, आणि कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवूनच पुढ्यात द्या. गार झाली की अंड्याचा वास वर येतो, तेव्हा ही कॉफी पाहुणे बसल्यावरच करायला घ्या.

नमस्कार.