आखूड होल आरंभी की अखेरीस?

श्रोतेहो, नमस्कार.

पोरवयात मी पुण्यात गोल्फच्या मैदानावर कॅडी म्हणून बॅगा उचलल्या आहेत. एका जुन्या कॅडीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, बॅग खांद्यावर घ्यायच्या आधी क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, मोजायचे. चौदा. नियमानं चौदाच चालतात, म्हणून पंधरावा दिसला की बाहेर काढायचा, साहेब कितीही घाईत असोत. ही मोजणी आज पुढं कामाला येणार आहे, म्हणून आधी सांगून ठेवतो.

गोल्फच्या एका फेरीत 18 होल, म्हणजे टी या सुरुवातीच्या जागेपासून खळग्यापर्यंतचे टप्पे. पार म्हणजे होल संपवायला धरलेले फटके. अठरांतले बहुतेक पार फोर, काही पार फाइव्ह आणि साधारण चार पार थ्री, म्हणजे एका फटक्यात ग्रीन म्हणजे खळग्याभोवतीची हिरवळ गाठायची आणि दोन पटमध्ये, म्हणजे जमिनीवरून घरंगळवत मारलेल्या फटक्यांत, चेंडू खळग्यात घालायचा, असे आखूड होल. मैदान आखणारे हे आखूड होल बहुतेक वेळा मधेच कुठंतरी ठेवतात. पहिला किंवा अठरावा होल पार थ्री असला की खेळाडूंत लगेच दोन तट पडतात.

आरंभाबद्दलची तक्रार रांगेची असते. पार फोरवर पुढचे चौघं दुसरा फटका मारून सरकले की मागच्यांना टीवरून मारता येतं. पार थ्रीवर मात्र पुढच्यांचा शेवटचा पट पडून ग्रीन मोकळं होईपर्यंत हात बांधून उभं राहायचं. रविवारी सकाळी पहिल्याच टीवर अशी खोळंबा झालेली मंडळी कशी चुळबुळतात, ते मी पाहिलंय. पण बॅग घेऊन चाललेल्या माणसाला दुसरी बाजूही दिसते. खोळंबा व्हायचा तो दारातच होतो. दोन गटांत आपोआप अंतर पडतं आणि पुढं सहाव्या-सातव्या होलवर गर्दी तुंबत नाही.

दुसरी तक्रार अंग मोकळं न झाल्याची. लांब होलवर पहिला फटका थोडा वाकडा गेला तरी सावरायला दुसरा असतो. आखूड होलवर थंड हातांनी, लोकांच्या देखत, नेमकाच फटका मारायचा. इंग्लंडमधल्या रॉयल लिथम अँड सेंट अ‍ॅन्स या मैदानाचा पहिला होल असा आहे. सुमारे 205 यार्ड, ग्रीनभोवती बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. ब्रिटिश ओपन ज्या मैदानांवर आलटूनपालटून होते, त्यांत पार थ्रीनं सुरू होणारं हे एकच.

2001 च्या ओपनचा शेवटचा दिवस तिथलाच. वेल्सचा इयन वूझनम आघाडीवरच्या चौघांतला एक. पहिल्या टीवर त्यानं सहा नंबरचा आयर्न क्लब घेतला आणि चेंडू थेट खळग्याच्या काठाशी नेऊन ठेवला. सहज बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी. दुसऱ्या टीवर पोचल्यावर कॅडीच्या लक्षात आलं की बॅगेत दोन ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचे क्लब, आहेत. सकाळी सरावात दोन्ही मारून पाहिले होते आणि एक बाहेर काढायचा राहून गेला. एकूण क्लब पंधरा! दोन फटक्यांचा दंड बसला आणि मिळवलेली बर्डी बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त, होऊन बसली. संतापानं त्यानं तो जादा ड्रायव्हर भिरकावून दिला.

आता बघा, पहिला होल पार फोर किंवा पार फाइव्ह असता तर ड्रायव्हर काढायला त्यानं टीवरच बॅगेत हात घातला असता आणि दुसरा तिथंच दिसला असता. आखूड होलला ड्रायव्हर लागत नाही, म्हणून चूक झाकली गेली. वूझनम चार दिवसांत मिळून 278 फटक्यांवर थांबला, संयुक्त तिसरा. डेव्हिड डुव्हाल 274 वर जिंकला. ते दोन फटके नसते तर वूझनम एकटा दुसरा आला असता. ही हकीकत मला अजून टोचते, कारण त्या बॅगेच्या पट्ट्याखाली माझाही खांदा असू शकला असता.

अखेरीचं म्हणाल तर मी उघडपणे आखूड होलच्या बाजूचा आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या काँग्रेशनलवर 1997 ची यूएस ओपन पार थ्रीवर संपली. सतरावं आणि अठरावं ग्रीन एकाच तळ्याच्या काठी. सतराव्यावर कॉलिन माँटगोमेरीला पाचेक फुटांचा पट होता. शेजारी अठराव्यावर लोकांचा गलका चाललेला. तो शांत होईपर्यंत माँटगोमेरी थांबून राहिला आणि मग पट हुकला. अर्नी एल्स एका फटक्यानं जिंकला. याच एल्सनं पुढं 2012 ची ओपन जिंकली ती लिथमला. म्हणजे एक मोठा किताब आखूड होलवर संपवून आणि दुसरा आखूड होलनं सुरू करून. 2011 ला यूएस ओपन काँग्रेशनलवर परतली तोवर क्रम बदलला होता आणि शेवट लांब पार फोरवर झाला. अटलांटाच्या ईस्ट लेकवरही 2016 पासून टूर चॅम्पियनशिप या स्पर्धेसाठी दोन्ही नऊ-नऊ होलांची अदलाबदल झाली. जुना अठरावा पार थ्री नववा झाला आणि शेवट पार फाइव्हवर आला.

पार फाइव्हवर दोन-तीन फटक्यांची उलथापालथ होऊ शकते, म्हणून तो शेवटी हवा, असं म्हणतात. मला ते पटत नाही. रात्रभर चाललेली मैफल भैरवीवर संपते. ती लांबवत नाहीत, पण तिच्यासाठी कुणी उठून जात नाही. शेवटी एकच फटका शिल्लक आहे, वारा कुठून येतोय ते बघायचं, एक क्लब निवडायचा, आणि तो निवडला की परतायला जागा नाही. कॅडीनं दिलेला सल्ला खरा की खोटा, तेही तिथल्या तिथं कळतं. आयर्लंडमध्ये किलार्नीच्या माहोनीज पॉइंटचा अठरावा होल असाच, तळ्याच्या पाण्यावरून मारायचा.

इंग्लंडमध्ये अ‍ॅस्कॉटजवळ बर्कशर नावाचा क्लब आहे. तिथं दोन मैदानं आहेत. ब्लू मैदान पार थ्रीनं सुरू होतं आणि रेड मैदान पार थ्रीवर संपतं. रेडवर पार थ्री, पार फोर आणि पार फाइव्ह, तिन्ही सहा-सहा. कधी जाणं झालं तर सकाळी ब्लूच्या पहिल्या टीवर उभं राहायचं आणि संध्याकाळी रेडच्या अठराव्या ग्रीनवर शेवटचा पट घालायचा, असं मी मनाशी ठरवून ठेवलंय. क्लब अर्थातच मोजून घेईन. नमस्कार.