बागेत कारागीर बसला पाहिजे

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईत थंडी ती केवढीशी! पण डिसेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत संध्याकाळी अंगावर वारा घेत बाहेर बसावंसं वाटतं, आणि याच दिवसांत शहरभर कलेची, हस्तकलेची प्रदर्शनं भरतात. काळा घोडा महोत्सव १९९९ पासून फोर्टातल्या रस्त्यांवर भरतो, तो तुम्हाला ठाऊक आहेच. आज मी बोलणार आहे ते त्याहून कितीतरी लहान महोत्सवाबद्दल. आपल्या इमारतीतून चपला घालून पाच मिनिटांत पोचावं, अशा वॉर्डातल्या बागेतल्या महोत्सवाबद्दल. माहीमला आम्ही शेजारीपाजारी मिळून असा महोत्सव भरवतो. मी शाळेत चित्रकला शिकवत आले, त्यामुळे कारागिरांना शोधून बोलावण्याचं काम माझ्याकडे असतं.

या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालंय, आणि तेच सांगायला मी आज आले आहे. बागेतल्या महोत्सवात टेबलं कमी मांडा, सतरंज्या जास्त अंथरा. विकायला ठेवलेल्या वस्तू थोड्या असल्या तरी चालतील. पण कारागीर तिथे बसून काम करताना दिसला पाहिजे, आणि येणाऱ्याला त्याच्या शेजारी बसता आलं पाहिजे.

आमच्याकडे बांबूकाम करणाऱ्या एक मावशी येतात. बुरूडकाम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पहिल्या वर्षी आम्ही त्यांना इतरांसारखंच टेबल दिलं होतं. त्यावर सुपं, रोवळ्या, परड्या मांडलेल्या. लोक यायचे, परडी उचलून बघायचे आणि म्हणायचे, "मावशी, शंभरला द्या की!" पुढच्या वर्षी मावशी म्हणाल्या, "मला खाली बसू द्या, बांबू मी सोबत घेऊन येते." त्या बागेतल्या बदामाच्या झाडाखाली बसल्या. आता हे जरा सावकाश सांगते, कारण बघण्यासारखं होतं ते एवढंच होतं.

ओला हिरवा बांबू त्यांनी उभा धरला, वरच्या तोंडावर कोयता टेकवला आणि एक ठोका दिला. मग कोयता जरासा फिरवत खाली नेला, तसा बांबू एका रेषेत उकलत गेला. प्रत्येक पेराशी आला की टच्‌कन आवाज व्हायचा. अर्ध्याचे पाव, पावाच्या पट्ट्या. मग पट्टी पायाच्या अंगठ्याखाली दाबून त्यांनी वरची हिरवी साल आतल्या पांढऱ्या गरापासून सोडवली. ही साल चिवट, टोपलीचा काठ तिचाच. आतला भाग ठिसूळ, तो भरणीला. सालीची धार ब्लेडसारखी असते, म्हणून प्रत्येक कामटीच्या दोन्ही कडा तासून घ्याव्या लागतात. एवढं झाल्यावर विणायला सुरुवात! एक लहानशी परडी व्हायला दुपार गेली. भोवती बसलेल्या बायकांपैकी एकीनं विचारलं, "मावशी, हाताला लागत नाही का?" त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर जुन्या चिरांच्या रेघाच रेघा होत्या. त्या दिवशी भाव पाडून मागायला कुणी आलं नाही. गौरीच्या ओवशाला सुपं लागतात, लग्नात झाल, म्हणजे दिव्यांची टोपली, लागते, आपण ती बाजारातून उचलून आणतो; पण सूप होतं कसं, हे आमच्या इमारतीतल्या कित्येकांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

वस्तूची किंमत समजावून सांगावी लागत नाही, ती दिसावी लागते. म्हणून माझा सतरंजीचा आग्रह.

डहाणूकडचे वारली चित्रकारही येतात. पश्चिम रेल्वेची लोकल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत जाते, त्यामुळे पहाटेची गाडी धरून, रंगाचे डबे आणि कापडाची गुंडाळी काखेला मारून ते वेळेत पोचतात. वारली चित्रं आता चहाच्या कपावर, चादरींवर, हॉटेलांच्या भिंतींवर सगळीकडे छापलेली दिसतात. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस झाला, एवढं मुलांना शाळेतच कळलेलं असतं. पण हे चित्र मुळात लग्नघरातलं. लग्न असलं की सवाष्णी शेणामातीनं सारवलेल्या भिंतीवर चौक लिहितात, मधोमध पालघट देवी असते, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, लग्नाची गाणी म्हणते. बायकांचंच काम होतं ते. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ते लग्नाच्या चौकाबाहेर आणलं, रोजचं जगणं त्यात रंगवलं, जगभर नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. आज चित्र काढणाऱ्या तरुण मुलांमुलींच्या बोलण्यात त्यांचं नाव फार मायेनं येतं.

बागेत आम्ही गेरू लावलेलं मोठं कापड दोन बांबूंना ताणून बांधतो. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं, त्यात थोडा डिंक, आणि बांबूची काडी टोकाला चावून केलेला कुंचला. एक गंमत मुलांना फार आवडते. पिठाची ओली रेघ गेरूवर फिकी, जवळजवळ दिसेनाशी असते. मुलं म्हणतात, "काका, उमटलंच नाही!" चित्रकार म्हणतात, "थांब जरा." वाळत जाते तशी रेघ पांढरी होते. तारपा वाजवणारा आणि त्याच्या भोवती हात गुंफून नाचणाऱ्यांचा वेटोळा असा डोळ्यांदेखत हळूहळू उजळत येतो. मोबाइल हातात धरून आलेली मुलं तिथे मांडी घालून बसून राहतात, आणि मला शिक्षिका म्हणून याचं फार अप्रूप वाटतं.

धारावीचा कुंभारवाडा तर आमच्या हाकेच्या अंतरावर. तिथली कुंभार कुटुंबं पिढ्यांपूर्वी सौराष्ट्रातून आली. दिवाळीच्या पणत्या, कुंड्या, माठ तिथूनच अर्ध्या मुंबईत जातात. कुंभारकाका चाक घेऊन आले की रांग लागते, त्याबद्दल जास्त सांगायला नको. मातीत हात घालायला कुणाला आवडत नाही! फक्त पाण्याची सोय आणि हात धुवायची जागा आधीच ठरवून ठेवावी लागते, नाहीतर बागेचा नळ दिवसभर वाहत राहतो.

सावंतवाडीची गंजिफाही आम्ही एका कोपऱ्यात मांडतो. गोल, हातानं रंगवलेले, लाखेचा लेप दिलेले पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पत्ते, असा १२० पत्त्यांचा डाव असतो. हे पत्ते काचेच्या पेटीत ठेवायला माझा जीव होत नाही. रंगवणारा कलाकार शेजारी बसतो आणि कट्ट्यावरच्या आजोबामंडळींना डाव शिकवतो. मत्स्य, कूर्म, वराह अशी हाक देत पत्ते पडू लागले की बघणाऱ्यांची गर्दी होते.

बाग आणि कारागिरी यांचं नातं मुंबईला नवं नाही, श्रोतेहो. भायखळ्याच्या राणीच्या बागेत शिरलात की लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली ते लोकांसाठी उघडलं, शहरातलं सर्वांत जुनं संग्रहालय. भाऊ दाजींनी त्यासाठी खूप खटपट केली, म्हणून शंभर वर्षांनी, १९७५ साली, त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. औद्योगिक कला, म्हणजे हातानं घडवलेल्या वस्तू, हाच त्याचा मूळ विषय. वरच्या मजल्यावर मातीच्या लहान लहान बाहुल्यांमधून त्या काळच्या मुंबईतली माणसं, त्यांचे पोशाख, त्यांचे उद्योग दाखवलेले आहेत. मुलांना घेऊन जरूर जा. पण त्या कपाटांसमोर उभी राहिले की माझ्या मनात येतं, यातले किती उद्योग करणारे हात आजही आपल्या आसपास आहेत, आणि आपण त्यांना भेटतो कुठे? वॉर्डातली बाग ही भेटायची जागा व्हावी.

याच कारणासाठी जागेच्या भाड्याबद्दल मला कळकळीनं बोलायचंय. मोठ्या प्रदर्शनांत एका स्टॉलचं भाडं इतकं असतं की परडी विणणारी बाई तिथे उभीच राहू शकत नाही. मग तिच्या वस्तू घेऊन व्यापारी येतो, आणि आपण त्याच्याशी बोलून घरी परततो. आमच्या बागेत काम करून दाखवणाऱ्या कारागिराकडून एक पैसाही घेत नाही. खाण्याचे स्टॉल भाडं देतात, त्यातून मंडप आणि सतरंज्यांचा खर्च निघतो. बाहेरगावच्या कारागिरांचा मुक्काम शेजाऱ्यांच्या घरी असतो. कुणाच्या हॉलमध्ये, कुणाच्या गॅलरीत गाद्या पडतात. रात्री पिठलंभाकरी खाताना ज्या गप्पा होतात, त्या दिवसभरात बागेतही होत नाहीत. आणि एक गोष्ट आयोजकांनी कधीही विसरू नये: बायकांसाठी स्वच्छ, उघडं असलेलं स्वच्छतागृह. दिवसभर बसून काम करणाऱ्या बाईनं पाणी पिणं टाळावं, हे कुठल्याही महोत्सवाला शोभत नाही.

आणि कारागीर दुरूनच यायला हवा असं थोडंच आहे! आपल्याच इमारतीत बघा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी क्रोशाची तोरणं विणतात. माहीमच्या कंदील गल्लीत बांबूच्या काड्यांचे सांगाडे बांधून आकाशकंदील चिकटवणारी मुलं आहेत. कुणी गणपतीला पुठ्ठ्याचं मखर करतं, कुणाचा हात रांगोळीवर असा बसलेला असतो की बघत राहावं. त्यांना विचारलं की ती म्हणतात, "अहो, मी काय कलाकार आहे का?" त्यांना हाताला धरून आणावं लागतं. आजी एकदा सतरंजीवर बसल्या, भोवती चार मुली सुई घेऊन जमल्या, की मग संध्याकाळी त्यांना उठवणं कठीण होतं.

बागेची काळजी हा आमचा पहिला नियम. झाडाला खिळा ठोकायचा नाही, तार गुंडाळायची नाही. हिरवळीवर मांडव नाही, फरसबंदीवरच. लाउडस्पीकर नाही. बाग ज्यांची रोजची आहे, त्या सकाळी चालायला येणाऱ्यांना आणि झोपाळ्यावर येणाऱ्या लहानग्यांना त्यांची जागा मिळालीच पाहिजे. तुमच्या वॉर्डात असं काही करायचं मनात असेल, तर वॉर्ड कार्यालयात जाऊन महापालिकेच्या उद्यान विभागाशी आधी बोला. लेखी परवानगी हातात आल्याशिवाय कारागिरांना तारीख कळवू नका; त्यांनी त्या दिवसाची मजुरी सोडलेली असते.

यंदा आम्ही बागेत एक मोठी गोधडी शिवायला घेणार आहोत. खाली जुन्या साड्यांचे थर, वर रंगीत तुकडे, आणि कडेनं सुरू करून आत आत जाणारा धावदोरा. शिवण ज्याला येते त्यानं शिवावी, ज्याला येत नाही त्यानं शेजारच्या बाईकडून शिकावी. कुणाचा टाका लांब पडेल, कुणाचा तांदळाच्या दाण्याएवढा. ते तसेच राहू देणार आहोत. तयार झाली की ती बागेची राखण करणाऱ्या दादांच्या खोलीत जाईल, त्यांना रात्री थंडी वाजते. तेव्हा येताना घरातली एखादी जुनी सुती साडी धुऊन, घडी घालून घेऊन या. नायलॉनची नको, थर सरकतात. सुया आणि दोरे आमच्याकडे आहेत.

नमस्कार.