झालं, होतंय, होणार, होत असतं

ओळख करून देताना अध्यक्षांनी मला 'जगबुडीचे अभ्यासक' म्हटलं. मागे एका गावी व्याख्यान संपताच पहिला प्रश्न आला होता, "सर, मग गृहकर्ज वीस वर्षांचं घेऊ की पंधराचं?" तेव्हा आधीच सांगून टाकतो, माझ्याकडे तारीख नाही. माझ्याकडे फक्त व्याकरण आहे. बायबलमधली शेवटच्या काळाची भाकितं कधी पूर्ण होतात यावर ख्रिस्ती पंडित शेकडो वर्षं भांडतायत. ते भांडण मला क्रियापदाच्या काळाचं वाटतं, आणि त्यातले चार काळ मी आज सांगणार आहे. पण आधी मिलर. मिलर सांगितल्याशिवाय माझं व्याख्यान पुढे सरकत नाही, आमच्या सौ. पुढच्या रांगेत आहेत, त्यांना विचारा.

विल्यम मिलर हा न्यू यॉर्क राज्यातल्या लो हॅम्पटनचा शेतकरी. बाप्टिस्ट, १८१२च्या युद्धात लढून आलेला. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात २३०० दिवसांनी पवित्रस्थानाची शुद्धी होईल असं आहे. मिलरनं एका दिवसाचं एक वर्ष धरलं. ही त्याची लबाडी नव्हे, बायबलमधल्याच यहेज्केलाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात तसा आधार आहे. पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी, आणि शुद्धी म्हणजे ख्रिस्ताचं पुनरागमन. मोजणी सुरू इसवी सनापूर्वी ४५७ पासून, इराणच्या अर्तहशश्त राजानं एज्रा या यहुदी याजकाला यरुशलेमला धाडलं तिथून. २३०० वजा ४५७, उत्तर १८४३. मागाहून कळलं की इसवी सनात शून्य वर्षच नाही, म्हणून १८४४. शून्य आपण जगाला दिलं म्हणतो ना? तिथं नेमकं पोचलं नव्हतं.

मिलर स्वतः दिवस सांगायला कचरत होता. मार्च १८४३ ते मार्च १८४४, एवढंच म्हणे. ते वर्ष सरलं. मग सॅम्युअल स्नो नावाच्या अनुयायानं यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसावरून पक्का दिवस काढला: २२ ऑक्टोबर १८४४. लोक पांढरे झगे घालून छपरावर चढले वगैरे जे तुम्ही वाचलं असेल, ती बहुतेक टिंगलखोर वर्तमानपत्रांची करामत. इतिहासकारांना पुरावा सापडलेला नाही. बटाट्याची गोष्ट मात्र ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे मिलरच्या परंपरेतली मंडळी आवडीनं सांगतात. न्यू हॅम्पशायरमधल्या एका शेतकऱ्यानं बटाटे काढलेच नाहीत. प्रभू येणार, तर काढून ठेवायचे कुणासाठी? शेजारी हसले. बावीस तारीख आली, गेली. त्या साली रोग पडला होता. शेजाऱ्यांनी लवकर काढलेले बटाटे कुजले. याचे जमिनीत होते ते धड राहिले आणि पुढच्या वसंतात बियाण्याच्या चढ्या भावानं गेले. जग बुडालं नाही, बटाटा मात्र तरला!

हसताय, पण फेब्रुवारी १९६२ची अष्टग्रही आठवणारे इथे असतील. मकर राशीत आठ ग्रह जमले म्हणून देशभर यज्ञ झाले, मणांनी तूप जळलं. नंतर आपण म्हणालो, यज्ञामुळेच टळलं. मिलरच्या माणसांना ही सोय नव्हती. ती रात्रभर रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यातला हायरम एडसन मक्याच्या शेतातून जात असताना त्याला उलगडा झाला: तारीख बरोबर, घटना चुकली. पवित्रस्थान स्वर्गातलं, आणि ख्रिस्त त्या दिवशी तिथं नव्या कार्यासाठी आतल्या दालनात गेला. परीक्षेत असं उत्तर लिहिलं तर मी निम्मे गुण देईन. पण त्या विचारातूनच १८६३ साली सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च उभं राहिलं. पुणेकरांनो, औंध रोडचं स्पायसर विद्यापीठ त्यांचंच.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, चार काळ. पळतो.

'होतंय'वाले: भाकीत म्हणजे चर्चच्या इतिहासाचं चालू वेळापत्रक. रोमच्या चर्चपासून फुटलेल्या, धर्मसुधारणेच्या काळातल्या प्रोटेस्टंटांनी त्यात ख्रिस्तविरोधक म्हणून पोप बसवला. मिलर याच गाडीतला.

कॅथलिकांना पोपला त्या खुर्चीतून उठवायचं होतं, आणि गंमत बघा, जेझुइट या कॅथलिक संघातल्या दोन स्पॅनिश पंडितांची उत्तरं दोन टोकांची. सालामांकाचा फ्रान्सिस्को रिबेरा १५९०च्या सुमारास म्हणाला, प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं बहुतेक सगळं अजून 'होणार' आहे. सेव्हिलचा लुईस दे अल्काझार, पुस्तक १६१४चं, म्हणाला, बहुतेक सगळं 'झालं'. पोप दोन्हीकडून सुटला! पुढे 'होणार' हा काळ प्रोटेस्टंटांनीच उचलला: १८३०च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी, मग १९०९च्या स्कोफील्ड बायबलातल्या टिपा. विश्वासणारे आधी वर उचलले जाणार, मग सात वर्षांचं महासंकट, ते हे.

'झालं'वाले मत्तयच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय उघडतात. हे सगळं होईतो ही पिढी सरणार नाही, असं येशू म्हणतो. इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती तीतच्या फौजेनं यरुशलेमचं मंदिर पाडलं, पिढीच्या आत. प्रकटीकरणातल्या पशूचा आकडा ६६६ म्हणजे, हिब्रू अक्षरांना आकडे धरून बेरीज केली तर, रोमचा सम्राट नीरो कैसर. माझा कल इकडे, पण मेलेल्यांचं शेवटचं पुनरुत्थानही 'झालं' म्हणणारे टोकाचे लोक भेटले की मी मागे सरतो. 'होणार'वाल्यांना त्याच ओळीत 'पिढी'चा अर्थ वंश करावा लागतो, किंवा ती पिढी पुढे ढकलावी लागते.

उरले 'होत असतं'वाले. आपला रीतिवर्तमान. प्रकटीकरणातला पशू प्रत्येक युगात येतो, त्यातलीच बाबेल नगरी प्रत्येक युगात पडते. प्राचीन चर्चचा पंडित ऑगस्टीन यानं प्रकटीकरणातल्या ख्रिस्ताच्या राज्याचा हजार वर्षांचा आकडा शब्दशः न घेता तो चर्चचाच काळ मानला, तेव्हापासून ही वाट रुळली. हिच्यावर खरं तर अर्धा तास...

पुन्हा चिठ्ठी. 'चहा निवतोय.' अपूर्ण वर्तमानकाळ आहे, म्हणजे अजून आशा आहे. चला.