पोळपाटावर उभी गाडी

नमस्कार, श्रोतेहो. परीक्षा संपत आल्या की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "ताई, यंदा बिऱ्हाडगाडीनं कोकणात उतरायचं म्हणतोय, दुरुस्तीचं काय काय सामान बरोबर घेऊ?" बिऱ्हाडगाडी हा शब्द आमच्या सासूबाईंचा. सरकारी कागदात तिला कॅराव्हॅन म्हणतात, आपल्या राज्यानं 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण जिच्यात कुकरची शिट्टी होते आणि दोरीवर पंचा वाळतो, ती बिऱ्हाडगाडीच.

आमची म्हणजे एक जुनी ट्रॅव्हलर, छोटी बसच म्हणा ना. मागची बाकं काढून दोन पलंग टाकले, एक ओटा केला, पाण्याची टाकी बसवली. आतले बदल आरटीओकडे नोंदवून घेतले, ते तुम्हीही घ्याच.

तर सामान. यादी मी सांगणार आहे, पण आधी एक गोष्ट सांगते. कारण यादी लोक लिहून घेतात आणि कागद घरी विसरतात. गोष्ट विसरत नाहीत.

जानेवारीचे दिवस. आम्ही तिघं, म्हणजे मी, आमचे हे आणि सासूबाई, कोल्हापूरहून गगनबावड्याकडे निघालो होतो. कळे गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंनी ऊस, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, आणि हवेत तो मळीचा वास. मला आवडतो तो. नाक मुरडणाऱ्यांनी मग गुळाची पोळीही खाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. असो. स्टेअरिंग जड लागायला लागलं. डावीकडे ओढ. पुढचं डावं चाक बसलं.

गाडी कडेला घेतली. आता कडेला म्हणजे कुठं? कुणाच्या तरी उसाला पाणी सोडलं होतं, ते पाटातून फुटून साइडपट्टीवर आलेलं. पाय ठेवला की पचकन आवाज. यांनी मागच्या चाकाला दगड लावला, जॅक काढला, चेसिसखाली, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली ठेवला आणि दांडा मारायला लागले. जॅक वर जाईना. म्हणजे जॅक आपलं काम चोख करत होता, पण गाडी वर जायच्या ऐवजी तोच खाली चिखलात उतरत होता. दहा दांडे मारले, जॅक चार बोटं आत, गाडी जिथल्या तिथं.

फळी पाहिजे होती. साधी लाकडी फळी. आमच्याकडे दोन रिंच होते, एक चकचकीत सॉकेट सेट होता, कुणीतरी भेट दिलेला बिघाड सांगणारा स्कॅनरसुद्धा होता. फळी नव्हती. मी रस्त्यानं इकडेतिकडे एखादं लाकूड शोधत होते आणि मागून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, हा घे."

त्यांच्या हातात पोळपाट. त्यांच्या रुखवतातला, शिसवी, अंगठ्याएवढा जाड. मी म्हटलं, "आई, नको हो, फुटला तर?" त्या म्हणाल्या, "फुटला तर फुटला. इथं रात्र काढायची आहे का?"

पोळपाट उपडा ठेवला. तोंड चिखलात, तीन पाय आभाळाकडे, आणि त्या तीन पायांच्या मधोमध जॅकची बैठक अशी बसली, जशी काही मापानंच केली होती. यांनी दांडा मारला. पोळपाट जरासा दबला, थांबला, आणि गाडी वर आली! आम्ही टाळ्या वाजवायच्याच बाकी होतो.

पण घाई झाली. चाक हवेत गेलं आणि मग आम्हाला आठवलं की नट अजून सैलच केलेले नाहीत. पाना लावला की चाकच फिरतंय. गाडी परत खाली घेतली. श्रोतेहो, हे लक्षात ठेवा, दोनदा सांगते: आधी नट सैल, मग जॅक. आधी नट सैल, मग जॅक. सैल म्हणजे अर्धा फेरा, पूर्ण काढायचे नाहीत.

बरं, गाडी खाली घेतली तर नट सैल होतायत का? छे. आठ दिवसांपूर्वी टायर बदलून घेतले होते. तिथल्या पोरानं हवेच्या बंदुकीनं नट आवळले होते, टर्रर्र करून, दोन सेकंदांत एक. मशीनवर शेवटपर्यंत आवळणाऱ्या माणसानं एकदा तरी रस्त्यावर बसून ते नट हातानं उघडून दाखवावेत, एवढंच माझं म्हणणं आहे. आम्ही पान्यावर लोंबकळलो. हे पान्यावर उभे राहिले. शेवटी मी यांच्या खांद्याला धरून दुसरा पाय ठेवला. सासूबाई आतून म्हणाल्या, "फुगडी घालताय का?" नट काही हलला नाही.

तेवढ्यात कारखान्यावर ऊस टाकून मोकळ्या ट्रॉल्या घेऊन परतणारा एक ट्रॅक्टर थांबला. चालवणारा पोरगेलासा, कानाला मफलर. "काय झालं ओ पावणं?" आम्ही पाना दाखवला. त्यानं तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "ह्येनं नारळबी फुटायचा न्हाई." मग आपल्या सीटखालून लोखंडी पाइपचा एक तुकडा काढला. माझ्या कमरेइतका लांब. तो पान्याच्या दांड्यात घातला, टोकाला धरला आणि नुसता दाबला. कट्! पहिला नट सुटला. "ताकद नगं वैनी, लांबी पायजे," म्हणाला.

शाळेत तरफ शिकवतात ती हीच. फूटभर पान्याऐवजी तीन फुटांवरून दाबलं की तेवढ्याच जोरानं नटाला तिप्पट पीळ बसतो. सगळे नट दोन मिनिटांत सैल झाले.

मग स्टेपनी. ती गाडीच्या पोटाखाली साखळीला टांगलेली, तीन वर्षं तिच्याकडे कुणी बघितलेलं नाही. काढली तर निम्मी हवा. नशीब की गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप होता. त्याची वायर मात्र पुरेना, म्हणून स्टेपनीच दाराशी लोळवत आणली. चाक बसलं. ट्रॅक्टरवाल्यानं नट समोरासमोरचे आवळून दिले, एक वरचा, मग त्याच्या समोरचा खालचा, म्हणजे चाक वाकडं बसत नाही. चहाचे पैसेही घेतले नाहीत. जाताना चिखलातला पोळपाट उचलून सासूबाईंच्या हातात दिला आणि म्हणाला, "भाकरी थापाय पोळपाट कशाला लागतोय? ह्यो गाडीलाच ऱ्हाऊ द्या."

तर आता यादी, आणि वेळ थोडा उरलाय. पण एकच गोष्ट धरून ठेवलीत तरी पुरे: सुटा भाग घेतला, की तो बसवायचं हत्यार त्याच पिशवीत. पुन्हा सांगते, भाग आणि त्याचं हत्यार एकाच पिशवीत. फॅनबेल्ट घेतला? तो सैल करायला आपल्या गाडीला कितीचा पाना लागतो ते घरी बघा, आणि तो पाना बेल्टलाच बांधून ठेवा. रेडिएटरचा पाइप घेतला? त्याच्याबरोबर क्लिपा आणि स्क्रू-ड्रायव्हर. व्हील पाना घेतला? मग पाइपचा तुकडा, आणि जॅकखाली फळी. चाक बदललं की साधारण 50 किलोमीटरवर थांबून नट पुन्हा एकदा आवळून बघायचे.

फ्यूज. 10 अँपिअरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा. प्रत्येकी चार-चार घ्या, स्वस्त असतात. 10 चा उडाला म्हणून 30 चा लावायचा नाही, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर मुळीच नाही. फ्यूज टिकेल, वायर पेटेल. आणि पडद्यांवर दिव्यांच्या माळा सोडून फोटो काढणाऱ्यांना माझा नमस्कार. रात्रभर माळा, फ्रिज, पंखा, आणि पहाटे विचारतात बॅटरी का बसली. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी चालू करायची जम्पर केबल ठेवा, काय करणार.

गॅस. 5 किलोची छोटी टाकी पुरते. सुरक्षा पाइप पाच वर्षांनी बदलायचा, त्यावर तारीख छापलेली असते. गळती साबणाच्या फेसानं बघायची. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साठतो, म्हणून गाडीच्या जमिनीलगत हवेला वाट हवीच. पाण्याच्या नळासाठी टेफ्लॉन टेप, एक जादा वायसर. बाकी बायंडिंग तार, एम-सील, हातमोजे, डोक्याला लावायची बॅटरी, रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आणि स्टेपनी आजच खाली उतरवून बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 लिहिलं असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालाय. आमच्या स्टेपनीचे आकडे मी रेडिओवर सांगणार नाही.

काचेपलीकडून हात हलवून खूण करतायत, तेव्हा आवरते. पोळपाट फुटला नाही. रोजच्या पोळ्या त्याच्यावरच होतात, फक्त पाठीवर जॅकचा चौकोनी ठसा उमटलाय. परतल्यावर मी सुताराकडून दीड फूट बाय एक फूट अशी जाड सागवानी फळी करून घेतली, खास जॅकसाठी. गेल्या ट्रिपला ती शोधली तर जागेवर नव्हती. सासूबाई ओट्यापाशी बसून तिच्यावर कोबी चिरत होत्या. नमस्कार.