पुडी टाकण्याआधी खाद्य बघा

मंडळी, नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, जवळ आला की नागपूरच्या आसपासचे लेअरवाले, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणारे, एकच विचारतात: कवच पातळ पडतंय, ट्रेमध्ये अंडी तडकताहेत, खाद्यात काय टाकू? पुडीचं नाव सांगण्याआधी मला कोंबडीबद्दल बोलू द्या.

कोंबडीला घाम येत नाही. पारा ४५ अंशांवर गेला की ती चोच उघडून धापा टाकते. त्याबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो आणि कवचासाठी लागणारं बायकार्बोनेट कमी पडतं. कवच म्हणजे जवळपास ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट. त्यात उन्हामुळे खाणंही घटतं. ११० ग्रॅम खाणारी कोंबडी ९० वर आली, तर रोजचं ४ ग्रॅम कॅल्शियम तिला मिळणार कुठून? अशा दिवसांत खाद्याच्या टनामागे एक-दोन किलो खाण्याचा सोडा, म्हणजे बायकार्बोनेटच, घालतात आणि त्या हिशेबाने मीठ कमी करतात. स्वस्त आहे, कामाचं आहे. पण पाण्याची टाकी पत्र्यावर तापत असेल तर सोडा तरी काय करणार?

आता मूठभर खाद्य हातात घ्या. कॅल्शियमसाठी घातलेली चुनखडी पिठासारखी लागते की बोटांना कणी टोचते? कवच तयार व्हायला सुमारे २० तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री होतं, कोंबडी काही खात नसताना. चुनखडीचं पीठ तोवर पुढे निघून गेलेलं असतं. दोन ते चार मिलिमीटरची कणी, मग ती मार्बल ग्रिट (संगमरवराची कणी) असो की शिंपले, गिझार्डमध्ये, म्हणजे कोंबडीच्या दळणाऱ्या पोटात, थांबून रात्रभर हळूहळू विरघळते. ती नसली की कोंबडी स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढून अंड्याला देते. हे लांबलं की ती पिंजऱ्यात पायांवर उभी राहीनाशी होते. ते बघवत नाही हो. म्हणून ग्रिट द्याच, आणि दुपारनंतरच्या खाद्यात जास्त द्या.

खाद्यात टाकायच्या फायटेज या एन्झाइमचं थोडक्यात सांगतो. मका आणि सोयापेंडीतला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, कोंबडीला तो नीट मिळत नाही, हे एन्झाइम तो मोकळा करतं. पण फायटेज टाकून डीसीपी (फॉस्फरससाठी घालतात ती डायकॅल्शियम फॉस्फेटची पावडर) होती तेवढीच ठेवली तर पैसा जातो आणि जादा फॉस्फरसने कवचही बिघडतं. आधी फॉर्म्युला बदलून घ्या, मग टाका.

अँटिबायोटिकबाबत मात्र मी तडजोड करणार नाही. युरोपने वाढीसाठी दिली जाणारी अँटिबायोटिक्स २००६ मध्ये खाद्यातून काढली. आपल्याकडे २०१९ मध्ये जनावरं-कोंबड्यांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली, कारण दवाखान्यात बाकी औषधं चालेनाशी झाली की डॉक्टर शेवटी त्याच्याकडेच वळतात. असं औषध दोन अंडी जास्त मिळतील म्हणून खाद्यात घालणं मला गुन्हा वाटतो. प्रोबायोटिक, म्हणजे आतड्याला उपयोगी जिवाणू, द्या, पाण्याची लाइन धुवा.

आणि पावसाळ्यात मका उतरवताना पोत्यात हात खोल घाला. ओलसर, कुबट वास आला तर गाडी परत पाठवा. खाद्यातली विषं धरून ठेवणारा टॉक्सिन बाइंडर अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष बऱ्यापैकी धरतो, पण बुरशीची सगळी विषं त्याला धरता येत नाहीत.