अडथळा ओळखणारा घरगुती रोबो

(दृश्य: फरशीवर धावणारी दोन चाकांची गाडी. भिंतीपाशी वळते, कपाटापाशी वळते आणि सरळ पडद्यात घुसते.)

भिंत कळली, कपाट कळलं, पडदा मात्र कळला नाही. यात सेन्सरचा काही दोष नाही. गाडीच्या तोंडावर डोळ्यांसारखे जे दोन गोल दिसतात, त्यातला एक भोंगा आहे आणि दुसरा कान. या सेन्सरचं नाव एचसी-एसआर०४. भोंगा ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि कान त्याचा पडसाद टिपतो. जाड पडदा आवाज पिऊन टाकतो, त्यामुळे पडसाद येतच नाही. तिरकं उघडं राहिलेलं कपाटाचं गुळगुळीत दारही फसवतं. तिथून आवाज परततो, पण भलत्याच दिशेला.

म्हणून कामाची सुरुवात चाकांपासून करू नये. आधी सांगाडा जोडायचा, मोटारी फिरवून बघायच्या आणि सेन्सर शेवटी चिकटवायचा, असा बहुतेकांचा क्रम असतो. मग गाडी धडकली की चूक वायरिंगची, कोडची की सेन्सरची, काहीच पत्ता लागत नाही. आधी सेन्सर एकटा घ्या, टेबलावर ठेवा आणि आर्डुइनो उनोला, म्हणजे आपला कोड चालवणाऱ्या छोट्या बोर्डाला, जोडा.

(दृश्य: सेन्सरच्या चार पिना जवळून.)

५ व्होल्ट, ट्रिग, एको आणि ग्राउंड. ट्रिगला १० मायक्रोसेकंदांचा पल्स (विजेचा छोटा ठोका) दिला की भोंगा वाजतो. त्यानंतर एकोची पिन जितका वेळ हाय (५ व्होल्टवर) राहते, तितका वेळ आवाजाला जाऊन परत यायला लागलेला असतो. सेन्सरकडून आपल्याला मिळतो तो फक्त हा वेळ. अंतर आपण काढायचं. मायक्रोसेकंदांना ५८ ने भागलं की सेंटिमीटर मिळतात. हा आकडा येतो तो २० अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि प्रवास दुहेरी असतो म्हणून. नागपूरच्या मे महिन्यात, ४२ अंशांना, तोच वेग ३५७ च्या आसपास जातो आणि खरं १ मीटरचं अंतर ९६ सेंटिमीटर दिसतं. भिंत चुकवायला एवढा फरक चालतो. खोलीचा नकाशा काढायचा असेल, तर मात्र तापमान मोजून हिशेबात धरावंच लागतं.

जमिनीवर मोजपट्टी पसरून १०, २०, ५० आणि १०० सेंटिमीटरवर पुठ्ठा उभा करा आणि सिरियल मॉनिटरवरचे, म्हणजे बोर्ड संगणकावर दाखवतो ते, आकडे ताडून बघा. दोन मोजण्यांमध्ये ६० मिलिसेकंद जाऊ द्या, नाहीतर आधीच्या आवाजाचा पडसाद पुढच्या मोजणीत शिरतो.

आता शून्याची भानगड. एकोचा वेळ मोजणारं पल्सइन हे फंक्शन काही सांगितलं नाही, तर पडसादाची १ सेकंदापर्यंत वाट बघतं. तेवढ्या वेळात चालती गाडी भिंतीवर आदळलेली असते. म्हणून त्याला २५,००० मायक्रोसेकंदांची मर्यादा घालतात. मर्यादा संपली की ते शून्य परत करतं. ‘२५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर थांब’ एवढंच कोडमध्ये असेल, तर शून्यही २५ पेक्षा कमीच! गाडी मोकळ्या हॉलच्या मधोमध थबकते, मागे सरते, गोल फिरते. शून्याचा अर्थ ‘पडसाद आला नाही’ एवढाच घ्या आणि त्यासाठी कोडमध्ये वेगळी ओळ लिहा. शिवाय दर वेळी तीन रीडिंग घेऊन त्यातलं मधलं धरा. सरासरी काढू नका. एक वेडंवाकडं रीडिंग सगळी सरासरी ओढून नेतं.

(दृश्य: पिवळ्या मोटारी, त्यांच्या टोकांवर सोल्डरिंग चालू.)

मोटारी पिवळ्या बीओ प्रकारच्या, ३ ते ६ व्होल्टच्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत त्या सहज मिळतात. प्रत्येक मोटारीच्या दोन टोकांमध्ये १०४ असं छापलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. मोटारीतल्या ब्रशच्या ठिणग्यांमुळे वायरींमध्ये गोंगाट होतो आणि टेबलावर शहाण्यासारखा वागणारा सेन्सर गाडीवर चढला की बरळायला लागतो.

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी घेऊ नका. व्होल्ट भरपूर दिसतात, पण दोन मोटारींना लागणारा करंट तिला झेपत नाही. १८६५० चे (लिथियम-आयनचे, रीचार्ज होणारे) दोन सेल सिरीजमध्ये जोडा, म्हणजे ७.४ व्होल्ट मिळतात. उनोच्या इशाऱ्यावर मोटारींना करंट देणारा एल२९८एन ड्रायव्हर त्यातले सुमारे २ व्होल्ट स्वतःच खातो आणि तापतो. या मोटारींना उरलेले पुरतात. नवीनच घेणार असाल तर टीबी६६१२ हा ड्रायव्हर घ्या. तो फारसा तापत नाही आणि बॅटरीही जास्त टिकते.

गाडी सुरू होताना नुसतीच दचकत असेल आणि उनोवरचा दिवा पुन्हा पुन्हा लुकलुकत असेल, तर बोर्ड रीसेट होतो आहे. मोटार उभ्यावरून फिरायला लागताना एकदम करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं आणि कोड पहिल्या ओळीपासून सुरू होतो. यावर उपाय म्हणजे उनो आणि सर्व्होसाठी (सेन्सर वळवणाऱ्या छोट्या मोटारीसाठी) वेगळा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज कमी करून देणारा छोटा बोर्ड. तो जोडण्याआधी मल्टिमीटर लावून ५ व्होल्टवर आणा, आउटपुटवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि सगळ्यांचं ग्राउंड एकत्र करा. यूएसबी केबल लावताना बॅटरीचं बटण बंद ठेवा.

सेन्सर डावीकडे-उजवीकडे वळवायला एसजी९० सर्व्हो लागतो. त्याची लायब्ररी उनोच्या ९ आणि १० नंबरच्या पिनांवरचं पीडब्ल्यूएम (वेग कमी-जास्त करणारे झटपट चालू-बंद पल्स) बंद पाडते. मोटारीचा वेग त्या पिनांवरून चालवत असाल, तर सर्व्हो जोडताक्षणी ती मोटार ऐकेनाशी होते आणि दोष ड्रायव्हरच्या माथी मारला जातो. वेगासाठी ५ आणि ६ नंबर वापरा. सर्व्हो वळल्यावर ३०० मिलिसेकंद थांबूनच मोजा.

(दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र, कासवाच्या आकाराचं यंत्र.)

एवढ्याशा सामग्रीतून वागणं उभं राहतं, हे १९४८-४९ मध्येच दिसलं होतं. ब्रिस्टलमध्ये मेंदूचे अभ्यासक विल्यम ग्रे वॉल्टर यांनी एल्मर आणि एल्सी ही दोन यंत्रं बांधली. प्रत्येकात दोन व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या), उजेडासाठी एक फोटोसेल आणि धक्का ओळखणारं कवच होतं. ती दिव्याकडे जायची, उजेड फार प्रखर झाला की तोंड फिरवायची आणि अडथळ्याला टेकली की धडपडत वाट काढायची. त्यांच्यात संगणक नव्हता.

आपल्या गाडीचं २५ सेंटिमीटर अंतर कुठून आलं? सेकंदाला ५० सेंटिमीटर वेग धरला, तर तीन रीडिंगच्या १८० मिलिसेकंदांत गाडी ९ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. त्यात ब्रेकनंतरचं घसरणं मिळवा. मोझॅकच्या फरशीवर ती जास्त घसरते, म्हणून आपल्या फरशीवर मोजूनच आकडा ठरवा.

टेबलाची कड ओळखायला इन्फ्रारेड सेन्सर (अदृश्य प्रकाश सोडून तो परततो का, हे बघणारा) तोंड खाली करून, पृष्ठभागापासून १ ते दीड सेंटिमीटरवर लावा आणि त्यावरचा स्क्रू फिरवून जुळवा. काळ्या सनमायकावर प्रकाश परतत नाही, तेव्हा गाडी कड समजून थांबते. नुकसान काही नाही. उन्हात मात्र उलटं होतं. सूर्यप्रकाशातल्या इन्फ्रारेडने रिसीव्हर भरून जातो, कडेच्या पलीकडेही टेबल आहे असं गाडीला वाटतं आणि ती खाली पडते. ही चाचणी ट्यूबलाइटखालीच करा.