हात थांबला की पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल-मे म्हणजे लग्नसराईचे दिवस. लग्नाच्या आधीचा एखादा शनिवार-रविवार मित्रमैत्रिणींनी एकत्र घालवायचा आणि त्यासाठी गोवा गाठायचा, ही प्रथा पुण्या-मुंबईच्या घरांमध्ये आता चांगलीच रुळली आहे. बसचे आरक्षण, राहण्याचे घर, कोणत्या किनाऱ्यावर केव्हा जायचे, हे सगळे महिनाभर आधी ठरते. पाण्याकडे कोण पाहणार आणि कोणी केव्हा झोपायचे, हे मात्र कोणीच ठरवत नाही. आज मी याच दोन गोष्टींविषयी बोलणार आहे. जे मद्य घेणार आहेत त्यांच्यासाठी हे भाषण आहेच, पण जे घेणार नाहीत त्यांच्यासाठीही आहे. कारण ऊन, घाम आणि जागरण दोघांच्याही वाट्याला सारखेच येते.

शरीरातले पाणी कमी करणारी कारणे या सहलीत एकाच वेळी जमा होतात. शुक्रवारी रात्री बसमध्ये झोप अर्धवट होते. शनिवारी किनाऱ्यावर घामाच्या धारा लागतात, आणि हवा दमट असल्यामुळे तो घाम वाळत नाही, म्हणून अंगही थंड होत नाही. संध्याकाळी मद्य पोटात गेले की मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याचा निरोप देणारे, मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतले संप्रेरक दबते आणि लघवीचे प्रमाण वाढते. यकृताला मात्र घाई करता येत नाही. ते तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्काचाच निपटारा करते. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. ८ टक्के तीव्रतेच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली घेतली, तर तिच्यात सुमारे ४० ग्रॅम असतो, म्हणजे एका बाटलीत चार पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आवर्जून लक्षात ठेवावा.

आता मी आपल्याला माझ्या पुतण्याच्या मित्राची हकिकत सांगते. ही हकिकत मी माझ्याकडे येणाऱ्या तरुण रुग्णांना अनेकदा सांगितली आहे, कारण एवढी नेटकी आखणी मी दुसऱ्या कोणत्याही गटात पाहिलेली नाही.

हा मुलगा पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकात बरीच वर्षे होता आणि त्याच्याकडे वादनाचे नव्हे, पाण्याचे काम होते. विसर्जन मिरवणूक ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे काम ठाऊक असेल. कमरेला ढोल बांधलेल्या वादकाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. बाटली घेऊन बाजूने चालणारे स्वयंसेवक त्याच्या तोंडाला पाणी लावतात. त्या कामात या मुलाने एक गोष्ट पक्की हेरली होती. वादनात रंगलेला माणूस कधीही पाणी मागत नाही, आणि ज्या वेळी मागतो त्या वेळी त्याच्या पोटऱ्यांत गोळे आलेले असतात. त्यामुळे तो विचारत बसत नसे. हात थांबला की पाणी, असा त्याचा नियम होता.

गोव्याला निघण्यापूर्वी त्याने हाच नियम गटाला लावला. आधी त्याने प्रत्येकाला स्वतंत्रपणे फोन करून विचारले की कोणाला मधुमेह आहे, कोणाला फिट येते, कोण कोणत्या गोळ्या घेते. दोघांनी मित्रांपासून लपवलेला आजार त्याला विश्वासाने सांगितला, आणि त्याने तो स्वतःपाशीच ठेवला. मग त्याने बस ठरवली आणि बसमालकाकडून रात्रीचे थांबे आधीच ठरवून घेतले. कारण गटातल्या मुलींनी सांगितले होते की प्रवास असला की आम्ही दुपारपासूनच पाणी तोडतो.

श्रोतेहो, इथे क्षणभर थांबून मला बोललेच पाहिजे. आपल्या महामार्गांवर स्त्रियांना निःशंकपणे वापरता येतील अशी स्वच्छतागृहे पुरेशी नाहीत, आणि त्यामुळे लाखो स्त्रिया प्रत्येक प्रवासात जाणूनबुजून तहानलेल्या राहतात. मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या किती तक्रारी या एका कारणातून सुरू होतात, हे आम्ही दवाखान्यात रोज पाहतो. रस्ता सहापदरी करताना जी तत्परता दिसते, ती या कामात दिसली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

तर, बस निघाली. बसमध्येच सुरुवात करावी, असा काहींचा आग्रह होता. याने नाही म्हटले नाही, पण आधी घरून आणलेले थालीपीठ आणि दहीभाताचे डबे सर्वांना खायला लावले. रिकाम्या पोटी मद्य झपाट्याने रक्तात उतरते, आणि अन्नामुळे तो वेग मंदावतो. सकाळी गोव्यातल्या भाड्याच्या घरी पोहोचताच त्याने वीस लिटरचे पाण्याचे जार मागवले. लिंबे, मीठ, कोकमाचे आगळ, ताकासाठी दही, केळी आणि औषधांच्या दुकानातून ओआरएसची पाकिटे आणली. प्रत्येकाच्या बाटलीवर चिकटपट्टी लावून नाव लिहिले. सकाळी अकरा ते चार कोणीही वाळूवर जायचे नाही, जेवून झोपायचे, हेही त्याने त्यांच्या गळी उतरवले. शनिवारी दुपारची ती दीड-दोन तासांची झोप रात्री फार उपयोगी पडते.

संध्याकाळी त्याने मोबाइलवर दर तासाचा गजर लावला. गजर झाला की गाणे थांबायचे, प्रत्येकाने आपापल्या बाटलीतले पाणी किंवा सरबत प्यायचे, काहीतरी खारे खायचे आणि मग गाणे पुन्हा सुरू व्हायचे. पहिल्या गजराला मंडळींनी कुरकुर केली, तिसऱ्या गजरापर्यंत तो त्या रात्रीचा भागच झाला. हात थांबला की पाणी. तहान लागण्याची वाट पाहायची नाही.

तरीही त्या रात्री एकाची गडबड झालीच. उन्हाळ्यात गोव्यात काजूच्या बोंडांपासून उर्राक निघते. फेणीच्या आधीच्या या ऊर्ध्वपातनात मद्यार्क साधारण १५ टक्के असतो. लिंबाच्या गोड सोड्यात मिसळून, वरून मीठ आणि हिरवी मिरची घातली की ती सरबतासारखी लागते. नवख्या माणसाला तिचे प्रमाण कळत नाही. त्या मित्राने किती पेले घेतले हे कोणीच मोजले नव्हते. मध्यरात्रीनंतर त्याला उलट्या झाल्या आणि तो गुंगीत गेला.

अशा वेळी बहुतेक गटांत काय होते, ते मला माहीत आहे. माणसाला उचलून खोलीत नेतात, पाठीवर निजवतात, दार ओढून घेतात आणि ‘झोपू दे, उतरेल’ म्हणतात. या मुलाने पुण्यातच एक यादी करून ठेवली होती. तिच्यावर जागणाऱ्यांची नावे होती. रात्री बारापासून सकाळपर्यंत दोन-दोन तासांच्या पाळ्या, आणि पाळीतल्या माणसाने त्या रात्री मद्य घ्यायचे नाही. त्यामुळे शुद्धीवर असलेला, विश्रांती घेतलेला एक माणूस तिथे हजर होता. त्यांनी मित्राला डाव्या कुशीवर वळवले, पुन्हा उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून पाठीमागे उशी लावली, आणि गटात असलेल्या माझ्या पुतण्याने मला फोन केला. मी विचारले, हाक मारल्यावर तो डोळे उघडतो का? ओठ निळसर आहेत का? मिनिटाला श्वास किती? त्यांनी घड्याळ धरून मोजले आणि चौदा सांगितले. चिमटा काढल्यावर तो रागावून बोललाही. मी सांगितले की त्याला जबरदस्तीने पाणी पाजू नका, कॉफी देऊ नका, थंड पाण्याखाली उभे करू नका, आणि एक मिनिटही एकटे सोडू नका. दर अर्ध्या तासाने ते मला श्वासाचा आकडा कळवत राहिले. पहाटे त्याने स्वतःहून पाणी मागितले, तेव्हा आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

हे आकडे आपणही लिहून ठेवा. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून अधिक अंतर, त्वचा गार आणि निळसर, हाकेला प्रतिसाद नाही, फिट आली, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर उजाडण्याची वाट पाहू नका. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. मधुमेहाच्या माणसाच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. मद्यामुळे यकृताचे साखर तयार करण्याचे काम थंडावते, रात्री रक्तातली साखर घसरते, आणि त्याचे बरळणे ही नशाच आहे, असे इतरांना वाटते.

रविवारी सकाळी या मुलाने सर्वांना पेज दिली. उकड्या तांदळाची पेज, त्यात मीठ, सोबत थोडे लोणचे. ती कोकणात आणि गोव्यात घरोघरी होते, आणि तिच्यामागे पक्के शास्त्र आहे. आतड्यात मीठ आणि ग्लुकोज एकत्र शोषले जातात व पाणी त्यांच्या मागोमाग जाते. तांदळाच्या पिष्टातून ते ग्लुकोज मिळते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटून असंख्य जीव वाचवले. आजच्या ओआरएसमध्ये लिटरला मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असते. पाकीट एक लिटरचे आहे की २०० मिलिलिटरचे, हे वाचून तेवढ्याच पाण्यात ते विरघळवावे. गोड पेयांच्या खोक्यांवर ओआरएस हे नाव छापून ती वर्षानुवर्षे विकली गेली, याचा मला मनापासून संताप येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यावर बंदी घातली, हे फार चांगले झाले. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालावे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि नुसते पाणीही एकदम ढोसू नये. तासाला लिटरभराहून अधिक पाणी घेतले तर रक्तातले मीठ विरळ होते. घोट घोट घ्यावे, लघवीचा रंग फिकट पिवळा होईपर्यंत घ्यावे.

रविवारी डोके दुखेल. रिकाम्या पोटी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेऊ नयेत, त्यांनी आधीच चाळवलेले जठर आणि पाण्याला आसुसलेले मूत्रपिंड दोन्ही दुखावतात. भरपूर मद्य घेतल्यानंतर पॅरासिटामॉलही यकृताचा विचार करूनच घ्यावे. ‘उतारा’ म्हणून सकाळी पुन्हा पेला भरणे म्हणजे यकृताचे काम आणखी काही तास पुढे ढकलणे. ज्याची नशा पुरती उतरलेली नाही, त्याने समुद्रात पाऊल टाकू नये. आणि उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसण्याइतके तापले, तर तो उष्माघात समजून त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच १०८ ला कळवावे.

एक हिशेब राहिला. रात्री दोनपर्यंत स्ट्राँग बिअरच्या दोन बाटल्या घेतलेल्या माणसाच्या पोटात ८० ग्रॅम मद्यार्क गेलेला असतो. तासाला आठ ग्रॅम धरले, तरी तो संपायला दहा तास लागतात. मध्ये आंघोळ झाली, पेज झाली, झोप झाली, तरी सकाळी त्यातला काही भाग रक्तात असू शकतो. आपल्या कायद्याने वाहन चालवणाऱ्यासाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची मर्यादा घातली आहे, आणि गोव्यात भाड्याची दुचाकी दाराशीच उभी असते. म्हणून रविवारी गाड्यांच्या किल्ल्या, शनिवारी ज्याने काहीच घेतले नाही आणि जो रात्री पुरेसा झोपला, त्याच्याकडे ठेवाव्यात. त्या मुलाने किल्ल्या शनिवारी संध्याकाळीच गोळा केल्या होत्या.

नमस्कार.